सुसंगत नाही

बँकेपाशी घोडं अडलं, म्हणून हे सगळं.
नाहीतर क्लाक्सविकच्या बंदर कचेरीत
सुन्वा योएन्सननं चार वर्षं
तो निरोप उद्यावर ढकलला होता:
नवी आवृत्ती तयार आहे.
असू दे तयार. आम्ही नाही.

सोमवारी बँकेचं पान उघडेना.
आपला ब्राउझर फार जुना आहे, असं
नव्या डॉक्टरनं सांगावं तसं सांगितलं त्यानं,
आणि खलाशांचे पैसे दुपारपर्यंत वळते करायचे होते.

तिनं बटण दाबलं.
निळी रेघ सरकत राहिली.
बाहेर धुकं डोंगराच्या गळ्यापर्यंत आलेलं,
थर्मासमध्ये कॉफी कडू होत चाललेली.
ब्याण्णव टक्क्यांवर रेघ थांबली,
बराच वेळ काहीतरी आठवत बसली,
मग सगळं मिटून पुन्हा उघडलं:
गोल कोपरे, पातळ अक्षरं,
आपल्याच घरात कुणी कपाटं हलवून ठेवावीत तसं.

वरच्या पट्टीत सहा एक्स्टेंशनं दाटीवाटीनं बसायची.
तिथं चार.
जाहिराती अडवणारं आलं. पासवर्ड सांभाळणारं आलं.
हवामान सांगणारं आलं, समोर खिडकी असूनही.
डॅनिश शुद्धलेखनाच्या चुका काढणारं तर सगळ्यांत आधी;
त्याला कोण अडवणार.
रात्री पान पिवळं करणारं गेलं. जाऊ दे, रात्री ती झोपते.
सहावं
करड्या अक्षरांत खाली पडलेलं:
या आवृत्तीशी सुसंगत नाही.

त्याला धड नावही नव्हतं. "होड्या", एवढंच.
त्रोंदूर नावाच्या पोरानं
उन्हाळ्याच्या नोकरीत कंटाळून लिहिलेलं.
काम एकच:
सरकारी तक्त्यात नोंदणी क्रमांक आला
की त्या जागी गावातलं नाव ठेवायचं.
केजी चारशे बारा म्हणजे म्हातारी कोंबडी.
केजी सत्त्याण्णव, पाद्री,
रविवारी इंजिन सुरूच होत नाही म्हणून.
केजी दोनशे तीस, सासूबाई. कारण विचारू नये.
तोर्शहावनच्या साहेबांना यातलं काही दिसलं नाही;
फक्त हिच्या पडद्यावर
पाद्री सव्वाचारला परतायचा, दोन टन कॉड घेऊन,
आणि सासूबाई अजून बाहेरच.

आता नुसते आकडे.
बिनचूक. हजेरीला उभे केल्यासारखे.

जुनी आवृत्ती परत आणता येते का?
तासभर शोधलं. येते;
पण मग बँक येत नाही.
दोघांना एका टेबलावर बसवायचं नाही,
तिच्या दोन भावांसारखं.

त्रोंदूर आता आरहूसला लिफ्ट दुरुस्त करतो.
फोनमध्ये मागं कुठंतरी साखळी वाजत होती.
"मी? होड्यांचं? बरं. काय करायचं ते?"
तिनं त्याची फाईल उघडून
यादी वाचून दाखवली, एकेक.
कोंबडीपाशी तो हसला.
सासूबाईंपाशी मोठ्यानं हसला.
"दोन बटाटे" आलं तेव्हा म्हणाला,
"ती मोडीत निघाली ना?"
"तीन वर्षं झाली."
"अजून यादीत आहे?"
"तुझ्या यादीत आहे."
साखळी थांबली.
दुरुस्त करतो, म्हणाला, नाताळात आलो की.
नाताळात आलेले लोक काय काय करतात
ते दोघांनाही माहीत होतं.

संध्याकाळी तिनं
खोक्यांना लावायची पांढरी चिकटपट्टी घेतली,
पडद्याच्या डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत चिकटवली,
आणि निळ्या पेनानं लिहीत गेली,
आकडा, नाव, आकडा, नाव.
सगळ्यांत खाली दोन बटाटे,
ज्यांचा आकडा आता कुठल्याच तक्त्यात नाही.
एक कोपरा नीट चिकटला नाही. तो अंगठ्यानं दाबून धरला थोडा वेळ.

सव्वासहाला पडद्यावरची पहिली ओळ हलली.
केजी दोनशे तीस.
तिनं पट्टीकडे पाहिलंसुद्धा नाही.
"आल्या का," म्हणाली.